परिवलन, प्रदक्षिणा आणि फुगडी

पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे ते परिवलन आणि सूर्याभोवती फिरणे ते परिभ्रमण, हे मराठी माध्यमात शिकलेल्या बहुतेकांना पाठ असते. त्यांतले कोणते म्हणजे कोणते, हे सांगताना मात्र पुष्कळांची जीभ क्षणभर अडखळते. आमच्या वर्गांतील पदव्युत्तर विद्यार्थीही याला अपवाद नाहीत. हा दोष स्मरणशक्तीचा नसून तो त्या शब्दांतच आहे, असे आमचे मत आहे.

दोन्ही शब्दांच्या आरंभी ‘परि’ आहे, म्हणजे दोन्हींत ‘भोवती’ आहे. पण कशाभोवती, हे दोन्हींपैकी एकही शब्द सांगत नाही. पहिल्यात आपल्या ‘वळणे’चे मूळ, तर दुसऱ्यात ‘भ्रम्’ धातू. गंमत अशी की, याच भ्रम्-कुळातून मराठीत जो भोवरा आला तो जागच्या जागी फिरतो. ज्या धातूला पाठ्यपुस्तकाने सूर्याभोवतीच्या प्रवासाचे काम दिले, त्याचाच मराठी वंशज स्वतःभोवतीच्या फिरण्याचे उदाहरण म्हणून मुलांपुढे ठेवला जातो. अशा वेळी मूल गोंधळले नाही तरच नवल! गिरकी आणि फेरी हे दोन साधे शब्द घेतले की हा गोंधळ उरत नाही. गिरकी स्वतःभोवतीच घेतली जाते आणि फेरी दुसऱ्याभोवतीच मारली जाते. परिभाषा टाकून द्यावी असे आम्ही म्हणत नाही. ती गिरकी आणि फेरी यांच्यामागून यावी, एवढेच म्हणतो.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या विषयात का पडावे, याचे उत्तर अलंकारशास्त्रात आहे. मुलांसाठी लिहिलेले विज्ञान उपमेवर चालते. इ.स. ४९९ च्या आर्यभटीयात पृथ्वीचे फिरणे पटवून देण्यासाठी नावेतून पुढे जाणारा आणि काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना पाहणारा माणूस येतो, ती उपमाच. परंतु उपमेबरोबर व्यतिरेकही लागतो. उपमेय उपमानाहून कोठे वेगळे पडते, तेही दाखवावे लागते. आपले बालविज्ञानलेखन उपमा देते आणि तेथेच थांबते.

प्रदक्षिणेचेच पाहा. पृथ्वी सूर्याभोवती प्रदक्षिणा घालते, हे वाक्य इतके रुळले आहे की त्यातली उपमा आता कोणाला जाणवतही नाही. तुळशीवृंदावनाला प्रदक्षिणा घालणाऱ्याचा उजवा खांदा सतत वृंदावनाकडे असतो. वृंदावनाला डोळे असते तर त्याला त्या माणसाची डावी बाजू कधीच दिसली नसती. पण त्या माणसाचे तोंड आधी घराकडे, मग विहिरीकडे, मग कुंपणाकडे, मग गोठ्याकडे असे चारी दिशांना वळून येते. म्हणजे एका फेरीत नकळत त्याची एक गिरकीही पूर्ण झालेली असते. ही पृथ्वीची गोष्ट नव्हे, चंद्राची आहे. सुमारे २७.३ दिवसांत चंद्राची फेरी आणि गिरकी दोन्ही पूर्ण होतात, म्हणून त्याची एकच बाजू आपल्याला दिसते. दुसरी बाजू १९५९ साली ल्यूना-३ यानाने छायाचित्रे पाठवली तेव्हा प्रथम पाहायला मिळाली. चंद्र स्वतःभोवती फिरतच नाही, असे सांगणारे सुशिक्षित आजही भेटतात. त्यांना अंगणात एक प्रदक्षिणा घालायला लावावी.

आता व्यतिरेक. प्रदक्षिणा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने असते. सूर्याच्या उत्तरेकडून खाली पाहिले तर आठही ग्रह उलट्या दिशेने फिरताना दिसतात. शिवाय पृथ्वी चालता चालता गिरक्याही घेत असते. ताऱ्यांच्या संदर्भात तिची एक गिरकी २३ तास ५६ मिनिटांत पुरी होते. तेवढ्यात ती आपल्या मार्गावर जवळजवळ एक अंश पुढे सरकलेली असते, म्हणून सूर्य पुन्हा डोक्यावर यायला आणखी चारेक मिनिटे वळावे लागते. ही मिनिटे साठत जाऊन वर्षाला दिवस साधारण ३६५ आणि गिरक्या ३६६ होतात. ही जादाची गिरकी अंगणातल्या माणसाला फेरीबरोबर आपोआप मिळाली होती, तीच.

दुसरा घातक शब्द लंबवर्तुळ. त्यातले ‘लंब’ ऐकून मूल काकडीसारखा आकार कल्पिते, आणि पुस्तकातली आकृती तिरकस कोनातून काढलेली असल्याने त्याची खात्रीच पटते. मग उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ येत असणार, हा निष्कर्ष ते स्वतःच्या बुद्धीने काढते. तर्क निर्दोष आहे, फक्त शब्दाने दगा दिला. पृथ्वीचा मार्ग फळ्यावर एक मीटर लांबीचा काढला तर त्याच्या लांबीरुंदीत मिलिमीटरच्या सातव्या हिश्शाएवढा फरक येईल. खडूची रेघ त्याहून जाड असते. सूर्य मात्र मध्यापासून आठेक मिलिमीटर बाजूला दाखवावा लागेल. पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या आरंभी, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. आणि सर्वांत दूर जुलैच्या आरंभी, सुमारे १५.२ कोटींवर. आपली थंडी जवळिकीत पडते! ऋतू होतात ते साडेतेवीस अंशांनी कललेल्या आसामुळे.

फेरी मारणारे ग्रह सूर्यावर पडत का नाहीत, याला गोफण पुरेशी आहे. दोरी सुटली की दगड ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने सरळ निघून जातो. दोरी त्याला ढकलत नाही, केवळ वळवत राहते. व्यतिरेक एवढाच, की गोफण फिरवणाऱ्याचा हात दुखतो आणि सूर्याचा दुखत नाही. अवकाशात वाटेत अडवणारी हवा नसल्याने ग्रहाला चालू ठेवायला कोणी लागत नाही.

परंतु या साऱ्या उपमानांत आम्हांला सर्वांत मोलाची वाटते ती फुगडी, आणि तिचाच उपयोग सर्वांत कमी झालेला आहे. फुगडीत मध्यभागी कोणी नसते. दोघी एकमेकींचे हात धरून मागे कलतात, तोंडे समोरासमोर, आणि दोघींच्या मधल्या रिकाम्या जागेभोवती दोघी फिरतात. एक अंगाने भारी असेल तर ती लहान वर्तुळात फिरते, दुसरी मोठ्या. प्लूटो आणि त्याचा उपग्रह शॅरन अगदी अशीच फुगडी घालतात: सुमारे ६.४ दिवसांची, सदैव तोंडासमोर तोंड ठेवून, प्लूटोच्या बाहेर असलेल्या एका बिंदूभोवती. पृथ्वी आणि चंद्र यांच्या फुगडीत पृथ्वी इतकी भारी की तो बिंदू तिच्या पोटातच राहतो. सूर्यही ग्रहांबरोबर असाच थोडाथोडा हलतो. प्रदक्षिणेच्या उपमेत मधला देव अचल असतो, त्यामुळे ही गोष्ट तीत मावतच नाही. दूरच्या ताऱ्याचे असे हलणे मोजूनच १९९५ साली ‘५१ पेगासी’ या सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा ग्रह सापडला, आणि त्या शोधाला २०१९ चे नोबेल मिळाले. फुगडी घातलेल्या मुलीला हे समजावून सांगायला किती वाक्ये लागतील?

सेमी-इंग्रजी शाळांत विज्ञान इंग्रजीतून आणि भूगोल मराठीतून अशी वाटणी झाल्यापासून एकाच मुलाला एका तासाला ‘रोटेशन’ भेटते आणि दुसऱ्या तासाला परिवलन. दोहोंच्या खाली गिरकी आहे, हे त्याला सांगणारा तास वेळापत्रकात नाही. तो मराठीच्या तासाला सहज बसेल. ‘विज्ञान आमचा विषय नव्हे’ असे म्हणून आपण मराठीचे अध्यापक अंग काढून घेतो, ते आम्हांला पटत नाही. उपमान चुकले आहे की बरोबर, हे ठरवण्याचे शिक्षण दुसऱ्या कोणत्या विषयात मिळते?

व्यावहारिक मराठीच्या प्रश्नपत्रिकेत वृत्तलेखन, जाहिरातलेखन असते. तेथे एखादा प्रश्न असा घालून पाहावा: बुध ५८.६ दिवसांत एक गिरकी घेतो आणि ८८ दिवसांत एक फेरी मारतो, त्यामुळे तेथे एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत १७६ दिवस, म्हणजे बुधाची दोन वर्षे जातात. हे दहा वर्षांच्या मुलाला दीडशे शब्दांत सांगा. परिवलन आणि परिभ्रमण हे शब्द शेवटच्या वाक्यापर्यंत वापरू नका.