जर्दाळूची वाट कोणी अडवली?



कापूस-ज्वारी परवडत नाही म्हटले, की साहेबमंडळींचे उत्तर ठरलेले असते, "फळबाग लावा." विकायची कोठे, ते कोणी सांगत नाही. आपल्याहून कोरड्या मुलखात बागवाल्याचे काय होते, ते पाहायचे तर लडाखचा जर्दाळू पाहा.

लेहला वर्षाचा पाऊस जेमतेम 100 मिलिमीटर. तरी सिंधूच्या खोऱ्यात जर्दाळूच्या बागा उभ्या आहेत, त्या बर्फ वितळून येणाऱ्या पाटाच्या पाण्यावर. या झाडाला हिवाळ्यात कडक थंडी लागते, तिच्यावाचून डोळे नीट फुटत नाहीत. मुळाशी साचलेले पाणीही त्याला सोसत नाही. तेव्हा आपल्या काळ्या जमिनीसाठी कोणी जर्दाळूची कलमे विकायला आला, तर चहा पाजून परत पाठवा.

थंडी हवी, पण अवेळी नको. तुर्कस्तानातील मालात्या हा वाळलेल्या जर्दाळूचा जगातला सर्वांत मोठा मुलूख. एप्रिल 2025 मध्ये हिम पडले आणि तिथले बहुतेक पीक एका झटक्यात गेले. बाग लावली म्हणजे जोखीम संपली, असे कोणी सांगू नये.

लडाखी शेतकरी कष्टात कमी नाही. कलमी झाड फळायला चार-पाच वर्षे थांबायचे, छाटणी करायची, पाण्याची पाळी सांभाळायची. जुलै-ऑगस्टात फळ पिकते, आणि पिकलेले फळ थांबत नाही. म्हणून ते घराच्या छतावर उन्हात वाळवतात. बीमधला गर गोड निघाला तर खातात, कडू निघाला तर तेल काढतात. वाया काही जात नाही.

एवढे करूनही ताज्या फळाची बाजारपेठ त्याला बंद होती. कॉडलिंग मॉथ या किडीपायी लडाखची ताजी फळे बाहेर नेण्यावर अनेक वर्षे सरकारी बंदी होती. कीड खरी होती. पण तिचा बंदोबस्त करायचा सोडून शेतकऱ्याचीच वाट अडवली गेली. 2021 मध्ये लडाखचा ताजा जर्दाळू दुबईला पोचला. माती तीच, पाणी तेच, झाडेही तीच. मोकळी झाली ती वाट.

कापूसवाल्यांना हे नवे वाटणार नाही. 1972 पासून एकाधिकार खरेदीच्या काळात स्वतःचा कापूस राज्याबाहेर नेणारा शेतकरी चोर ठरत होता.

सीताफळ लावा, बोर लावा. आपल्या हलक्या, मुरमाड रानात ती तगतात. पण आधी गावच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा. झाड फळेपर्यंत घर कोणत्या आंतरपिकावर चालणार? तोडलेले फळ किती दिवस टिकते, आणि गर काढायची, वाळवायची सोय गावात आहे काय? विक्रीच्या वाटेवर कोणाचा अडसर आहे?

अनुदान रोपाला मिळते, भावाला मिळत नाही. रोप फुकट आहे एवढ्यावर खड्डा खणू नका.