भूमिका, बोल आणि बंधन : ‘राजी’ या संगणकीय खेळाच्या निमित्ताने

संगणकीय खेळ हा साहित्याभ्यासाचा विषय होऊ शकतो काय, या प्रश्नाचे उत्तर सहसा त्यातील कथेकडे बोट दाखवून दिले जाते. पात्रे आहेत, कथानक आहे, मिथके आहेत. म्हणून ती संहिता आहे, असा हा युक्तिवाद. तो अपुरा आहे. कथा सांगणे हे या माध्यमाचे वेगळेपण नव्हे; खेळणाऱ्याला भूमिका देणे हे त्याचे वेगळेपण होय. म्हणून अद्भुतरम्य खेळाचे गुणदोष तपासताना ही भूमिका कितपत खरी आहे, ही कसोटी प्रथम लावावी लागते. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ या दृष्टीने विचारार्ह आहे.

भूमिका-खेळाचा आधुनिक इतिहास १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून सुरू होतो, असे मानले जाते. तो मुळात बोलण्याचा खेळ होता. एक जण प्रसंग मांडी, इतर आपापल्या पात्राच्या तोंडून त्याला उत्तर देत आणि कृतीचा निकाल फाशांवर ठरे. संगणकाने यातील फासे व आकडे सहज आत्मसात केले. बोलणे मात्र मागे राहिले. १९९० नंतरच्या दशकातील ‘डायब्लो’सारख्या कृतिप्रधान खेळांत तर भूमिका म्हणजे मुख्यतः शस्त्र, बळ आणि वेग असे समीकरण रूढ झाले. ‘राजी’ हा काटेकोर अर्थाने साहसखेळ असला, तरी दैवी शक्तींची निवड व वाढ हे त्याचे अंग याच परंपरेतून आलेले आहे.

‘राजी’ची बलस्थाने निर्विवाद आहेत. डोंबाऱ्यासारखे कसरतीचे खेळ करणारी राजी आणि कळसूत्री बाहुल्या नाचवणारा तिचा धाकटा भाऊ गोलू ही यातील भावंडे. असुरांनी पळवून नेलेल्या गोलूच्या शोधात राजी निघते. नायिकेची कसरत हीच तिची युद्धकला असल्यामुळे खांबाभोवती फिरून किंवा भिंतीवरून धावून केलेला प्रहार तिच्या पूर्वायुष्याशी सुसंगत वाटतो. राजस्थानी वास्तुकलेचा, पहाडी चित्रशैलीचा आणि छायाबाहुल्यांचा उपयोग येथे केवळ सजावट म्हणून झालेला नाही. भित्तिचित्रांसमोर थांबले की पुराणकथा उलगडतात. दुर्गा आणि विष्णू हे निवेदक असून राजीच्या धडपडीवर ते आपापसांत भाष्य करतात. निवेदनाची ही द्विदल रचना कथनमीमांसेच्या अभ्यासकाने अवश्य पाहावी. २०२० च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये नवोदितांच्या गटात त्याला मिळालेले नामांकन अनाठायी नव्हते.

उणिवा दिसतात त्या भूमिकेच्या बाबतीत. देव बोलतात, भिंती बोलतात. खेळणाऱ्याला बोलण्याची संधी नाही. असुरांशी त्याचा व्यवहार शस्त्रानेच होतो. मिळवलेल्या शक्ती हव्या तेव्हा बदलून लावता येतात. त्यामुळे निवडीची किंमत मोजावी लागत नाही आणि निवड निवड उरत नाही. शेवट तर ऐन वळणावर तोडल्यासारखा आहे. मूळ निवेदन इंग्रजीत होते. हिंदी आवाज २०२२ च्या सुधारित आवृत्तीत आले. भाषा ही नंतर चढवण्याची वस्तू ठरली, यातच बोलाचे दुय्यमत्व स्पष्ट होते.

याला पर्याय शोधण्यासाठी परदेशी खेळांकडेच पाहावे लागेल असे नाही. मालवण तालुक्यातील आचरा आणि त्याच्या परिसराच्या लोकजीवनात भूमिकेची दोन समर्थ रूपे आढळतात. पहिले रूप दशावताराचे. सिंधुदुर्गातील जत्रांमधून होणाऱ्या या नाटकाला लिखित संहिता नसते. आख्यानाची रूपरेषा आधी ठरते. संवाद रंगमंचावर, समोरच्याचे वाक्य ऐकून घडतात. एक बाकडे कधी सिंहासन होते, कधी पर्वत. आडदशावतारातील काळ्या वेषाचा संकासूर मालवणी बोलीत बोलतो, खोड्या काढतो, हसवतो आणि मगच विष्णूच्या हातून मरतो. असुराला मरण्यापूर्वी बोलू देणे, हे या नाट्यरूपाचे औदार्य आहे आणि कौशल्यही.

दुसरे रूप आचऱ्याच्या गावपळणीचे. काही वर्षांच्या अंतराने श्री रामेश्वराचा कौल घेऊन सारा गाव गुराढोरांसह वेशीबाहेर जातो, तीन दिवस-तीन रात्री राहुट्यांत राहतो आणि पुन्हा कौल मिळाल्यावरच परततो. येथे शत्रू नाही, युद्ध नाही. आहे फक्त सर्वांनी पाळलेले बंधन. स्वतःच्याच घरात जाता येत नाही, या एका नियमाने ओळखीचा गाव अद्भुत होतो. ‘राजी’तील निर्मनुष्य महाल डोळे दिपवतात, पण ते कोणाचे घर होते याची हुरहुर क्वचितच लागते. रिकामा आचरा मात्र परतणाऱ्यांच्या प्रतीक्षेत असतो.

येथे एक आक्षेप संभवतो. दशावतारातील नट कसलेला असतो, गावपळण ही श्रद्धेची बाब आहे. खेळाशी त्यांची तुलना कशी करावी? आक्षेप अंशतः रास्त आहे. संकासुराचा वेष किंवा रामेश्वराचा कौल उचलून खेळात घालावा, असे येथे सुचवायचे नाही. तसे केल्यास पुन्हा सजावटच हाती लागेल. घ्यायचे आहे ते तत्त्व : भूमिका ही बोलाने उभी राहते आणि बंधनाने टिकते. ‘राजी’च्या कर्त्यांनी भारतीय चित्र आणि वास्तू यांचा अभ्यास मनःपूर्वक केला, कारण तो करण्यासाठी साधने उपलब्ध होती. उत्स्फूर्त संवाद कसा घडतो, नट समोरच्याला दुवा कसा देतो, आख्यान भरकटू लागले की ते कसे सावरतो, याची तितकी तपशीलवार मांडणी करणे हे मराठी विभागांचे काम आहे. ते झाले, तर पुढच्या खेळकर्त्याला भारतीय परंपरेतून देखाव्याबरोबर संवादही घेता येईल.