विद्यापीठाची निवड खरेच आपली असते का?

सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आले. उत्तर प्रदेशातील एका रोजंदारी मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली होती. पण ती निश्चित करण्यासाठी लागणारे १७,५०० रुपये मुदतीत भरता आले नाहीत आणि जागा हातची गेली. अखेर न्यायालयाने राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ मधील विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश देण्याचा आदेश दिला. न्यायालयाच्या संवेदनशीलतेचे सर्वत्र कौतुक झाले आणि ते रास्तच होते. मात्र, या प्रकरणातून उभा राहणारा प्रश्न निकालाने मिटला नाही. नामांकित सार्वजनिक संस्थेचे दारही साडेसतरा हजारांअभावी बंद होत असेल, तर ज्या खासगी विद्यापीठांचे वर्षाचे शुल्क लाखांत मोजले जाते, तिथपर्यंत कोण पोहोचणार?

दर उन्हाळ्यात लक्षावधी घरांत एकच चर्चा झडते : महागड्या खासगी विद्यापीठात जावे की स्वस्त सरकारी विद्यापीठाची वाट पाहावी? एका बाजूला चकचकीत परिसर, वेळेवर परीक्षा आणि नोकरीचे आश्वासन. दुसऱ्या बाजूला जुने नाव, नाममात्र शुल्क आणि अनिश्चितता. ही निवड आपण कुटुंबाची खासगी बाब मानतो. वस्तुतः ती पुष्कळ अंशी सरकारी धोरणांनी आधीच ठरवून ठेवलेली असते.

सुरुवात वेळापत्रकापासून करू. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी २०२२ मध्ये सामायिक परीक्षा, म्हणजेच सीयूईटी, लागू झाली. पहिल्याच वर्षी तिचा निकाल सप्टेंबरच्या मध्यावर लागला आणि दिल्ली विद्यापीठातील प्रथम वर्षाचे वर्ग नोव्हेंबरमध्ये सुरू झाले. २०२४ मध्येही निकालाला जुलैअखेर उजाडली. खासगी विद्यापीठांची प्रवेशप्रक्रिया मात्र बारावीच्या परीक्षेआधीच सुरू होते. निकालाची वाट पाहता पाहता वर्ष वाया जाईल, या धास्तीने पालक आधीच पैसे भरून मोकळे होतात. ज्याच्या गाठीशी पैसा आहे, त्याला दोन्ही दारे उघडी ठेवता येतात. ज्याच्याकडे तो नाही, त्याने केवळ थांबायचे. सरकारी विलंबाची किंमत अशी गरिबाला चिंतेच्या आणि मध्यमवर्गाला रोकड रकमेच्या रूपात मोजावी लागते.

आता हिशेबाकडे वळू. समजा, एखाद्या कुटुंबाने मुलीच्या शिक्षणासाठी २० लाखांचे कर्ज घेतले. साडेदहा टक्के व्याजाने दहा वर्षांत ते फेडायचे, तर मासिक हप्ता सुमारे २७,००० रुपये होतो आणि एकूण परतफेड ३२ लाखांच्या पुढे जाते. शिकत असतानाच्या काळातील व्याज यात धरलेले नाही. नव्या पदवीधरांपैकी बहुतेकांचा पहिला पगार हा हप्ता पेलण्याइतका नसतो. अशा मुलीला संशोधनाकडे वळता येत नाही, गावी परतून शिक्षिका होता येत नाही, स्पर्धा परीक्षेसाठी दोन वर्षे काढता येत नाहीत. कर्जामुळे तिचे शिक्षण शक्य होते, पण त्या शिक्षणाने खुल्या व्हायला हव्या होत्या त्या वाटाच बंद होतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने ‘पीएम विद्यालक्ष्मी’ योजनेला मंजुरी दिली. निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना विनातारण, विनाजामीन कर्ज आणि आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत, असे तिचे स्वरूप आहे. योजना उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु कर्ज म्हणजे शिष्यवृत्ती नव्हे. शिक्षणाचा भार समाजाने उचलण्याऐवजी तो अठरा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर ठेवण्याची ती एक सभ्य रीत आहे. संस्थांच्या बाबतीतही हेच घडले. पायाभूत सुविधांसाठी अनुदानाऐवजी कर्ज देणारी ‘हेफा’ ही यंत्रणा २०१७ मध्ये उभी राहिली. कर्ज फेडायचे तर उत्पन्न हवे आणि उत्पन्नाचा सोपा मार्ग म्हणजे शुल्कवाढ. २०१९ मध्ये जेएनयूत वसतिगृह शुल्कावरून आणि २०२२ मध्ये अलाहाबाद विद्यापीठात शिक्षण शुल्क सुमारे चौपट झाल्यावरून आंदोलने झाली. त्या वेळी ‘एवढ्याशा रकमेसाठी कसला गोंधळ’ असे म्हणणाऱ्यांनी धनबादचे साडेसतरा हजार आठवून पाहावेत.

सरकारी विद्यापीठांची बाजू घेताना त्यांच्या दुरवस्थेकडे डोळेझाक करता येणार नाही. मगध विद्यापीठासह बिहारमधील अनेक विद्यापीठांत तीन वर्षांच्या पदवीला पाच-पाच वर्षे लागल्याचा अनुभव विद्यार्थ्यांनी घेतला आहे. केंद्रीय विद्यापीठांतही प्राध्यापकांच्या हजारो जागा वर्षानुवर्षे रिक्त राहिल्या. शुल्क कमी असले, तरी वाया गेलेली दोन वर्षे स्वस्त नसतात. म्हणून पोटाला चिमटा काढून मुलांना खासगी विद्यापीठात धाडणाऱ्या पालकांना दिखाऊपणाची हौस आहे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

तशीच सरसकट निंदा खासगी विद्यापीठांचीही करू नये. गेल्या पंधरा वर्षांत त्यांपैकी मोजक्या संस्थांनी उत्तम अध्यापक जमवले, सामाजिक शास्त्रांना प्रतिष्ठा दिली आणि गरजू विद्यार्थ्यांना शुल्कमाफीही दिली. पण अशा संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. बाकीच्या गर्दीत जाहिरात आणि वास्तव यांतील अंतर पालकाला कळणे अवघड असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका खासगी विद्यापीठाच्या मूल्यांकनासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने ‘नॅक’च्या तपासणी पथकातील सदस्यांना अटक केली. दर्जाचा दाखलाच संशयाच्या भोवऱ्यात सापडत असेल, तर सामान्य माणसाने विश्वास कशावर ठेवायचा?

म्हणून पालकांनी माहितीपुस्तिकेतील छायाचित्रांपलीकडचे प्रश्न विचारावेत. कायमस्वरूपी प्राध्यापक किती? सर्वोच्च पगार नव्हे, तर मध्यम गुणांच्या विद्यार्थ्याला मिळालेला पगार किती? शुल्क दरवर्षी किती वाढते? प्रवेश रद्द केल्यास पैसे किती दिवसांत परत मिळतात? आणि सर्वांत महत्त्वाचे : हे कर्ज मुलाला पुढे कोणत्या गोष्टी करू देणार नाही?

मात्र, खरी जबाबदारी सरकारचीच आहे. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशात ४.३३ कोटी विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते आणि त्या वयोगटातील नोंदणीचे प्रमाण २८.४ टक्के होते. नव्या शैक्षणिक धोरणाला ते २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर न्यायचे आहे. त्याच सर्वेक्षणानुसार विद्यापीठांमध्ये सरकारी विद्यापीठांचा वाटा सुमारे ५९ टक्के, तर त्यांतील विद्यार्थ्यांचा वाटा जवळपास ७४ टक्के होता. म्हणजे ओझे आजही सार्वजनिक विद्यापीठेच वाहत आहेत. नव्याने येणारे विद्यार्थी प्रामुख्याने खेड्यांतून आणि घरातील पहिल्या शिकणाऱ्या पिढीतून येतील. त्यांना दहा लाखांचे शुल्क परवडणार नाही. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा, ही कोठारी आयोगाची शिफारस १९६६ ची. २०२० च्या धोरणाने तिचाच पुनरुच्चार केला. उद्दिष्ट तेच आहे आणि ते गाठण्याचे आश्वासनही तेच आहे.

रिक्त जागा भरणे, परीक्षा आणि निकाल वेळेवर लावणे, गरजूंना कर्जाआधी शिष्यवृत्ती देणे आणि शुल्क भरण्याच्या मुदतीत थोडी माणुसकी ठेवणे, यांपैकी एकही काम अशक्य नाही. एका मुलाची जागा वाचवायला सर्वोच्च न्यायालयाला आपला विशेष अधिकार वापरावा लागला. प्रत्येक मजुराच्या मुलाला न्यायालयाची पायरी चढता येत नाही. सरकारी विद्यापीठ नाइलाज म्हणून नव्हे, तर अभिमानाने निवडता येईल, तेव्हाच त्या निवडीला निवड म्हणता येईल.