डोळ्यांची साथ आणि औषधांचा विवेक

सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून खुपरी या नेत्ररोगाचे भारतातून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ८ ऑक्टोबर २०२४ रोजी जाहीर केले. १९६३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रमाचे हे फलित होय. १९७१ मध्ये देशातील ५ टक्के अंधत्व खुपरीमुळे होते. आता हे प्रमाण १ टक्क्याहून कमी आहे. खुपरी जिवाणूमुळे होते. त्यामुळे प्रतिजैविकांचा उपयोग झाला आणि त्यांना चेहऱ्याची स्वच्छता व शुद्ध पाणी यांची जोड मिळाली.

त्याआधी जुलै २०२३ मध्ये मात्र वेगळे चित्र दिसले. पुण्याजवळच्या आळंदीपासून छत्तीसगडपर्यंत डोळे येण्याची साथ पसरली. तिच्यामागे प्रामुख्याने विषाणू होता. विषाणूवर प्रतिजैविके चालत नाहीत. बहुतेक रुग्ण एक-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात. स्टेरॉइडच्या थेंबांनी लाली उतरते, परंतु सल्ल्याविना ते वापरल्यास काही संसर्ग बळावतात आणि दीर्घकाळ वापरल्यास काचबिंदूचा धोका संभवतो.

छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील अहिवारा गावाचा विचार केल्यास ही अडचण स्पष्ट होते. गावालगत नंदिनी येथे भिलाई पोलाद कारखान्याच्या चुनखडीच्या खाणी आहेत. अशा परिसरात डोळा लाल होण्याचे कारण विषाणू, जिवाणू किंवा धुळीचा कणही असू शकते. लक्षण एकच, उपचार मात्र तीन. केवळ लाली पाहून दुकानातून घेतलेली बाटली म्हणूनच घातक ठरू शकते.

योग्य औषधही योग्य रीतीने घालावे लागते. डोळ्यात जेमतेम ३० मायक्रोलिटर द्रव मावतो. बाटलीतून पडणारा एक थेंब बहुधा त्याहून मोठा असतो. म्हणून एका वेळी एकच थेंब पुरेसा असतो. दुसरे औषध किमान पाच मिनिटांनी घालावे, अन्यथा पहिले वाहून जाते. बाटलीचे टोक डोळ्याला लागू देऊ नये आणि एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये.

छत्तीसगडमध्ये २००२ पासून 'मितानीन' या आरोग्य कार्यकर्त्या घरोघरी जातात. महाराष्ट्रात 'आशा' हे काम करतात. तीव्र वेदना, अंधुक दृष्टी किंवा उजेड सहन न होणे ही लक्षणे ओळखून रुग्णाला तातडीने नेत्रतज्ज्ञाकडे पाठवण्याचे प्रशिक्षण त्यांना मिळाले, तर पुढील साथीत अनेकांची दृष्टी वाचू शकेल. औषध आज गावोगावी पोहोचले आहे. निदानही तेथवर पोहोचणे आवश्यक आहे.