बर्फावरच्या फळीचा इतिहास घरच्या रंध्याखाली घडला

१/ नॉर्वेतील डिगरवार्डेन येथे डोंगरावरचा जुना बर्फ वितळू लागला आणि २०१४ साली त्यातून लाकडाची एक स्की बाहेर आली. तिची जोडीदार सापडायला २०२१ साल उजाडले. ही जोडी सुमारे १३०० वर्षे बर्फात पडून होती. दोन्ही फळ्या तंतोतंत सारख्या नाहीत. त्या झिजलेल्या आहेत आणि त्यांची डागडुजी झालेलीही दिसते. #धागा #इतिहास

२/ स्की म्हणजे बर्फावरून घसरत जाण्यासाठी पायांना बांधायच्या लांब, अरुंद फळ्यांची जोडी. स्नोबोर्ड म्हणजे दोन्ही पावले आडवी रोवून उभे राहण्याची एकच रुंद फळी. आज या वस्तूंचे नाव घेतले की कारखाने, ब्रँड आणि ऑलिम्पिक पदके डोळ्यांपुढे येतात. त्यांचा इतिहासही बहुधा त्याच चौकटीत सांगितला जातो. ही चौकट अपुरी आहे.

३/ या वस्तूंचे रूप जेथे निर्णायकपणे पालटले, त्यांपैकी बहुतेक ठिकाणी घडवणारा आणि वापरणारा एकच माणूस होता. सकाळी उतारावर जी उणीव पायाला जाणवली, ती संध्याकाळी त्याच माणसाच्या हाताने रंध्याखाली घातली. चूक कळण्याची जागा आणि ती सुधारण्याची जागा यांतले अंतर जितके कमी, तितकी सुधारणा वेगाने होते. पुढील उदाहरणे याच दृष्टीने पाहावीत.

४/ सोंद्रे नोरहाइम (१८२५–१८९७) हा टेलेमार्क प्रांतातील मोरगेदालचा. स्वतःची जमीन नसलेल्या, आपल्याकडील कुळासारख्या गरीब कुटुंबातला. त्याने झाडाच्या लवचीक मुळ्या पिळून टाचेमागून जाणारा बंध केला. त्यामुळे उडी मारली तरी स्की पायातून निसटेना. त्याच्या स्की मध्यभागी निमुळत्या, म्हणजे कंबर असलेल्या होत्या.

५/ कंबरेने काय साधते? फळी कुशीवर कलली की तिची वक्र कड बर्फात रुतते, शरीराच्या भाराने फळी वाकते आणि आपोआप कमानीसारखे वळण घेते. कडेवरून काही मिलिमीटर लाकूड अधिक तासण्याचा हा निर्णय. १८६८ मध्ये ४२ वर्षांच्या नोरहाइमने क्रिस्टियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लो येथील स्पर्धेत भाग घेतला, तो जिंकला आणि राजधानीतील लोक ही कला पाहून थक्क झाले.

६/ पुढे राष्ट्राने त्याला आख्यायिका बनवले. १९५२ च्या ऑस्लो हिवाळी ऑलिम्पिकची ज्योत त्याच्या जन्मघराच्या चुलीत पेटवण्यात आली. तथापि कंबर असलेल्या स्की टेलेमार्कमध्ये त्याच्या आधीही होत्या. तो एका जिवंत कारागिरीचा सर्वांत कुशल वारस होता, एकमेव जनक नव्हे. आख्यायिकेला एक नायक पुरतो. इतिहासाला त्याच्या आसपासची सगळी घरे आणि त्या घरांतले हत्यार चालवणारे हातही मोजावे लागतात. शिवाय या नायकाला १८८४ मध्ये पोट भरण्यासाठी देश सोडावा लागला. नॉर्थ डकोटाच्या सपाट माळावर त्याने देह ठेवला.

७/ त्याच टेलेमार्कमध्ये जन्मलेला योन रुए वयाच्या दहाव्या वर्षी कुटुंबासह अमेरिकेला गेला. तिकडे तो जॉन थॉम्प्सन झाला. १८५६ मध्ये सिएरा नेवाडा पर्वत ओलांडून टपाल नेण्यासाठी माणूस हवा होता. कॅलिफोर्नियातील आपल्या शेतावर त्याने बालपणीच्या आठवणीवरून ओकच्या लाकडाच्या स्की घडवल्या. त्या सुमारे ३ मीटर लांब आणि ११ किलो वजनाच्या होत्या. समोर ना नमुना होता, ना नकाशा.

८/ प्लेसरव्हिल ते जिनोआ हे सुमारे १४५ किलोमीटरचे अंतर तो पाठीवर टपालाचे ओझे घेऊन जात-येत राहिला. सुमारे वीस हिवाळे हे चालले. त्याने थेट वॉशिंग्टनला जाऊन मोबदला मागितला, पण सरकारने तो दिला नाही. १८७६ मध्ये तो वारला. घरच्या ओट्यावर घडलेल्या त्या दोन फळ्यांवर दोन गावांचा हिवाळ्यातील संपर्क टिकून होता, एवढे तरी नोंदले गेले पाहिजे.

९/ विसाव्या शतकातही चित्र फारसे पालटले नाही. लाकडाची कड कठीण बर्फावर लवकर गोल होते आणि पाय घसरतो. साल्झबुर्गचा गिर्यारोहक रुडॉल्फ लेटनर याने फळीच्या कडेला पोलादी पट्टीचे छोटे तुकडे स्क्रूने बसवले आणि १९२६ मध्ये त्याचे पेटंट घेतले. उतारावरच्या आजच्या स्की त्या कडेवर उभ्या आहेत.

१०/ हॉवर्ड हेड हा बाल्टिमोरच्या विमान कारखान्यातील अभियंता. लाकडी स्की त्याला जड व बेभरवशाच्या वाटल्या. १९४७ पासून भाड्याच्या जागेत तो विमानाच्या पंखाप्रमाणे धातूच्या दोन पत्र्यांमध्ये हलका गाभा चिकटवून स्की करू लागला. पहिल्या जोड्या तज्ज्ञांनी पायांत घालताच मोडल्या. मोडलेल्या जोड्या तो पाहायचा आणि नव्याने करायचा. अशा सुमारे ४० आवृत्त्यांनंतर १९५० मध्ये विकण्याजोगी धातूची स्की तयार झाली.

११/ स्नोबोर्डची गोष्ट तर पूर्णपणे गॅरेजमधली. १९६५ च्या नाताळात मिशिगनमधील मस्कीगन येथे शर्मन पॉपेन यांनी मुलींसाठी लहान मुलांच्या दोन स्की एकमेकींना जोडून एक फळी केली. पत्नीने तिचे नाव ठेवले ‘स्नर्फर’. टॉम सिम्स यांचा दावा असा की, १९६३ मध्येच त्यांनी शाळेच्या सुतारकामाच्या वर्गात अशी फळी बनवली होती.

१२/ १९७० च्या दशकात दिमित्री मिलोविच यांनी युटामध्ये समुद्रलाटांवरील फळीच्या धर्तीवर ‘विंटरस्टिक’ आणली. १९७७ मध्ये जेक बर्टन कार्पेंटर यांनी व्हर्माँटमधील लंडनडेरी येथे कामाला सुरुवात केली आणि सुमारे शंभर नमुने करून पाहिले. पहिला कोण, हा वाद आजही रंगतो. वस्तुतः तो प्रश्नच चुकीचा आहे. अवघ्या पंधरा वर्षांत चार ठिकाणी तीच कल्पना उगवते, तेव्हा शोधायची ती मशागत : हाताशी लाकूड, जवळ उतार आणि फसण्याची मुभा.

१३/ येथे एक आक्षेप रास्त आहे. कारखान्यांनीही मोलाची भर घातली. १९९० च्या दशकात अतिशय खोल कंबरेच्या स्कीने सगळा खेळ पालटला. त्यात स्लोव्हेनियातील एलान कारखान्याच्या अभियंत्यांचा मोठा वाटा होता. स्वस्त, सुरक्षित आणि एकसारखी स्की लाखोंच्या पायांत कारखान्यामुळेच गेली. हे नाकारणे म्हणजे हस्तकलेचे भाबडे गोडवे गाणे होय.

१४/ पण म्हणून आज घरी स्की करणाऱ्यांना हौशे-गवशे ठरवणेही योग्य नव्हे. त्यांचे काम पाहावे. अ‍ॅश, मेपल किंवा पॉपलरच्या पट्ट्या चिकटवून गाभा करायचा. तो मध्यभागी ११-१२ मिलिमीटर आणि टोकांना जेमतेम २ मिलिमीटर राहील असा रंधायचा. पॉलिथिलिनच्या तळाला पोलादी कडा हाताने वाकवून बसवायच्या. मग फायबरग्लास, गाभा, पुन्हा फायबरग्लास असे थर इपॉक्सीत भिजवून साच्यावर रचायचे.

१५/ हे थर दाबायला कारखान्याचे यंत्र नसते. तेथे अग्निशमनाचा पाइप कामी येतो. लोखंडी तुळयांच्या चौकटीत तो ठेवून हवा भरली की पाइप फुगतो आणि फळीवर सर्वत्र सारखा दाब देतो. दर चौरस सेंटिमीटरला ३ किलो दाब धरला, तरी १८० सेंटिमीटर लांब व १० सेंटिमीटर रुंद फळीवर ५ टनांहून अधिक भार येतो. चौकट कच्ची असेल तर जिवावर बेतेल. इपॉक्सी त्वचेला आणि काचेची धूळ फुप्फुसांना बाधते, ते वेगळेच.

१६/ साचे, चौकट आणि फुकट गेलेले साहित्य हिशेबात धरले, तर पहिली जोडी दुकानातल्या जोडीहून महागच पडते. तरीही ती केली जाते, कारण आपले वजन, आपला उतार आणि आपल्याकडचा बर्फ यांना जुळेल अशी लवचिकता ठरवण्याचा अधिकार त्यातून परत मिळतो. डिगरवार्डेनच्या त्या अनाम माणसाकडे हा अधिकार होता. आजच्या ग्राहकाकडे बहुधा नसतो.

१७/ हौस हे या परंपरेचे एक टोक. दुसरे टोक गरजेचे. अफगाणिस्तानातील बामियान येथे २०११ च्या सुमारास स्की स्पर्धा सुरू झाल्या. परदेशी स्की विकत घेणे न परवडणाऱ्या तेथील तरुणांनी लाकडी फळ्या तासून, पायाला दोरीने बांधून स्वतःच्या स्की केल्या. तंत्राने त्या नोरहाइमच्या स्कीच्याही मागे होत्या. तरी जगाच्या इतिहासात त्यांना ‘गमतीदार बातमी’ एवढीच जागा मिळाली. व्हर्माँटमधला नमुना ‘संशोधन’ आणि बामियानमधली फळी ‘जुगाड’, हा भेद लाकडात नाही. तो पाहणाऱ्याच्या नजरेत आहे.

१८/ म्हणून एक आग्रह. संग्रहालयांनी विजेत्यांच्या स्कींसोबत मोडलेले नमुने, वाया गेलेले साचे आणि दोरी बांधलेल्या फळ्याही जपाव्यात. घरी स्की घडवणाऱ्यांनी प्रत्येक जोडीवर तारीख, लाकूड आणि मापे लिहून ठेवावीत. फसलेली जोडी शेकोटीत घालू नये. ती कोठे मोडली, यावरूनच पुढची कशी असावी हे कळते. हेडच्या पहिल्या मोडक्या जोड्यांनी त्याला हेच शिकवले होते. (समाप्त)