प्रवेशपरीक्षेपूर्वीची तालीम

बारावीचा निकाल लागला की अहिल्यानगर जिल्ह्यातील अनेक मुलामुलींना वैद्यक वा परिचर्येच्या अभ्यासक्रमाचे वेध लागतात. गुणपत्रिका, अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला यांची जुळवाजुळव यथासांग होते, परंतु ज्याला आता बरे व्हावयाचे नाही अशा रुग्णाच्या उशाशी घटकाभर बसण्याची आपली तयारी आहे काय, हा प्रश्न कोणत्याही अर्जात विचारला जात नाही.

ही तयारी प्रत्यक्ष सेवेतच कळते. लंडनच्या सिसिली साँडर्स मरणासन्नांच्या एका रुग्णालयात स्वेच्छेने सेवा करीत असतानाच वैद्यकाकडे वळल्या, तिशी उलटल्यावर शिकून १९५७ साली डॉक्टर झाल्या आणि १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स ही मरणासन्नांच्या शुश्रूषेची संस्था उघडली. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली अशाच रुग्णांसाठी शांती अवेदना सदन सुरू झाले. आपल्या जिल्ह्यात डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे या दांपत्याने निराधार मनोरुग्ण स्त्रियांसाठी शिंगवे येथे ‘माउली’चे घर मांडले आहे.

प्रवेशपरीक्षेपूर्वी अशा ठिकाणी स्वेच्छेने सेवेला जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येणारे काम वरकरणी क्षुल्लक: ओल्या कापसाने सुकलेले ओठ भिजविणे, पाठीला व्रण पडू नयेत म्हणून कूस बदलताना हातभार लावणे, नातलगांची तीच हकीकत पुनःपुन्हा ऐकणे. औषध देणे वा भाकीत करणे हा त्याचा अखत्यार नव्हे. प्रमाणपत्रापुरते येणाऱ्याने येऊच नये. मात्र प्राचार्यांनी आठवड्याची एक दुपार यासाठी मोकळी ठेवावी. ज्याला हे सोसवत नाही, त्याला ते सतराव्या वर्षीच उमगणे, यात त्याचेही हित आहे आणि त्याच्या भावी रुग्णांचेही.

— संपादक