एक गळू बरे होते न होते तोच दुसरे!

मानेवरचे गळू फुटून वाळते न वाळते, तोच काखेत दुसरे डोके वर काढते. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, "अंगात उष्णता झाली, आंबे कमी खा." वाचकहो, आंब्याला उगाच दोष देऊ नका. गळू होते ते जंतूंमुळे. स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचे हे जंतू साधारण दर तीन माणसांतल्या एकाच्या नाकात निमूटपणे राहत असतात. खाजवल्याने, काट्याने किंवा घामट कपडा घासल्याने कातडीत बारीकशी वाट मिळाली, की ते केसाच्या मुळाशी शिरतात आणि तिथे पू धरतो.

बैलाचा खांदा वरचेवर सुजू लागला, तर आपण आधी जू तपासतो. तसेच इथेही मूळ शोधावे.

पहिले कारण मधुमेह. रक्तात साखर वाढली की जंतूंशी झुंजण्याची ताकद घटते. आपल्याला मधुमेह आहे, हे काहींना अशा गळवांमुळेच प्रथम कळते. म्हणून वर्षात दोन-तीनदा गळवे झाली, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तातील साखर तपासून घ्याच.

दुसरे, खरूज व इसब. खाजवून कातडी सोलवटते. खरजेचे औषध घरातल्या सर्वांनी एकाच दिवशी लावावे; नाहीतर ती घरातच फिरत राहते.

तिसरे, साऱ्या घराला एकच पंचा आणि एकच वस्तरा. प्रत्येकाचा वेगळा ठेवा. पंचा, चादरी गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. दाढीला पाते नवे घ्यायला सांगा.

चौथे, अर्धवट औषध. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या असतील तर पाचही दिवस घ्या. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका.

गळू आले, तर गरम पाण्यात पिळलेल्या स्वच्छ फडक्याने दिवसातून तीन-चारदा, १० मिनिटे शेकावे. पिळू नये, सुईने टोचू नये, वर शेण-चुना थापू नये. नाकावरचे वा वरच्या ओठावरचे गळू तर मुळीच दाबू नये. तिथला दोष क्वचित मेंदूपर्यंत पोचतो. पू लागलेले हात साबणाने धुवावेत.

ताप आला, लाली पसरू लागली, गळवाला अनेक तोंडे फुटली, किंवा रोगी मधुमेही अथवा तान्हे मूल असेल, तर बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.